जपानी शाळेतली पंगत: इंदूरहून जाणाऱ्या शिक्षकांसाठी क्यूशोकुची तयारी

जपानच्या सरकारी शाळांत नववीपर्यंत दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी शाळाच देते. त्याला क्यूशोकु म्हणतात. इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून, म्हणजे एएलटी म्हणून, तिथे गेलेला माणूस हे जेवण वर्गात मुलांबरोबर बसून जेवतो. दहावी ते बारावीच्या शाळांत सहसा क्यूशोकु नसतं, तिथे स्वतःचा डबा न्यायचा.

इंदूरच्या रामबागेतून किंवा लोकमान्य नगरातून निघणाऱ्याने आधीच मनाशी पक्कं करावं की क्यूशोकु म्हणजे मधली सुट्टी नव्हे, तो शिकण्याचा एक तास आहे. शालेय भोजनाचा कायदा 1954 सालचा आणि आहारशिक्षणाचा 2005 सालचा. वाढणं, वाटून खाणं, उरू न देणं आणि आवरणं हा तिथे अभ्यासाचा भाग आहे. पानावर बसलेल्या शिक्षकाकडे तीस-पस्तीस मुलं बघत असतात. त्यामुळे काय खायचं आणि काय नाही, याचे सगळे निर्णय त्या खोलीबाहेर, आधीच झालेले असावेत.

आधी दाशीचा निर्णय

शाकाहारी घरातल्या माणसाची खरी अडचण मांसाचे तुकडे नसतात, ते दिसतात आणि बाजूला काढता येतात. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे पदार्थाला चव देणारं पाणी. ते बहुधा कात्सुओ नावाच्या माशाच्या सुकवलेल्या किसापासून किंवा निबोशी या छोट्या सुक्या माशांपासून काढतात. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, हिजिकी हे काळं समुद्री शेवाळ, कोया-दोफु हा सुकवलेला तोफू, नूडल्सचा रस्सा, अंड्याची वडी, सगळ्यांत दाशी असते. ताटात फक्त भोपळा आणि गाजर दिसत असलं तरी ते माशाच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं.

तेव्हा घरी बसून, घरच्यांशी बोलून, तीनपैकी एक वाट धरा. पहिली, सगळं खायचं. दुसरी, मांस-मासळीचे तुकडे नको, पण दाशी चालेल. तिसरी, दाशीही नको. तिसरी वाट धरणाऱ्याने क्यूशोकु पूर्ण बंद करून रोज डबा न्यावा. अर्धंमुर्धं करून भागत नाही, कारण महिन्यातल्या बहुतेक दिवशी त्याला निव्वळ भात, दूध आणि एखादं फळ एवढंच उरतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही डबाच बरा. दुसऱ्या वाटेला पोट भरतं, पण मोठी मुलं ज्या दिवसाची वाट बघतात तो दिवस, म्हणजे करी-राइस, बरेचदा हातचा जातो. करीच्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते आणि मांस रश्श्यात बारीक मिसळलेलं असतं.

नुसतं "मी व्हेजिटेरियन आहे" सांगून थांबू नका. ऐकणारा त्याचा अर्थ "भाज्या आवडतात, मासे चालतात" असा लावू शकतो. पदार्थांची नावं घ्या. दुसऱ्या वाटेसाठी: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी वा दाइज्योबु देसु." (मांस आणि मासे खात नाही, दाशी चालते.) तिसऱ्यासाठी: "निकु मो साकाना मो दाशी मो ताबेमासेन. ओबेंतो ओ मोत्ते किमासु." (मांस, मासे, दाशी काहीच खात नाही, डबा आणतो.) अंड्याचं काय ते लगेच सांगा, अंड्याला तामागो म्हणतात. हे बोलणं नेमणूक पक्की होताच, पत्रव्यवहार चालू असतानाच करा. स्वयंपाक ताटांच्या मोजणीवर होतो आणि पहिल्या दिवशी दारात उभं राहून सांगितलेला नकार म्हणजे एक पूर्ण ताट वाया.

वेगळं शिजवून द्यायची मागणी करू नये. काही शाळांचं स्वतःचं स्वयंपाकघर असतं, पण बऱ्याच गावांत एकच केंद्र अनेक शाळांना जेवण पुरवतं. तिथे वेगळं ताट ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या कागदावर निघतं. आपला नकार श्रद्धेचा असला तरी तो आपल्या डब्यातून निभवायचा असतो.

महिन्याचा तक्ता आणि आपलं पंचांग

प्रत्येक महिन्याआधी कोंदाते-ह्यो, म्हणजे जेवणाचा तक्ता मिळतो. त्यात तारखेपुढे पदार्थ असतात आणि घटक तीन रंगांत विभागलेले असतात: लाल म्हणजे शरीर घडवणारे (मासे, मांस, अंडी, दूध, सोयाबीन), पिवळा म्हणजे ताकद देणारे (भात, पाव, बटाटा, तेल, साखर), हिरवा म्हणजे भाज्या-फळं. शाकाहाऱ्याने आधी लाल रकाना वाचावा. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं, पण काही शब्द पाठच असू द्या. बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, एबी म्हणजे कोळंबी. ग्यूनिकु म्हणजे गोमांस आणि ग्यून्यू म्हणजे दूध. या दोन्हींची सुरुवात एकच असल्याने घाईत घोटाळा होतो, आणि लाल रकान्यात दूध रोजच असतं.

फसवणारी नावं वेगळीच आहेत. चिकुवा, कामाबोको, हानपेन हे पांढरे, मऊ, पनीरसारखे दिसणारे तुकडे माशाच्या लगद्याचे असतात. शिरासु आणि चिरिमेन हे भातात मिसळलेले इवलेसे मासे. फुरिकाके म्हणजे भातावर भुरभुरवायची पूड, आपल्या जिरावनासारखी दिसते, पण तिच्यात बहुधा सुका मासा असतो. जेलीतही फरक आहे. कांतेन समुद्री शेवाळापासून होतं आणि चालतं, जिलेटिन चालत नाही. आलू-रस्सा दिसणाऱ्या निकुजागात मांस असतंच: ओसाकाकडे गाईचं, तोक्योकडे बहुधा डुकराचं. हॅम्बर्ग या खिम्याच्या वड्यांत अनेकदा दोन्ही एकत्र असतं. ज्यांना फक्त गोमांस वर्ज्य आहे त्यांनी हे दोन पदार्थ आणि करी, एवढ्यांवर खास नजर ठेवावी.

आता पंचांग काढा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, जे पाळत असाल त्या तारखा तक्त्यावर लिहा आणि त्या दिवसांचं जेवण आधीच थांबवा: "क्यूशोकु ओ तोमेते कुदासाइ." किती दिवस आधी सांगायचं ते गावागावांत वेगळं आहे. कुठे काही दिवस, कुठे आधीच्या महिन्यातच. मुदत चुकली तर पैसे भरावेच लागतात. शिक्षकाला जेवण फुकट नसतं. साधारण 300 येनच्या आसपास एका जेवणाचे पडतात, खात्यातून वळते होतात किंवा पाकिटात घालून द्यायचे असतात. पाकीट असेल तर सुटे, मोजून, बरोबर रक्कम घालावी.

उपासाच्या डब्याबद्दल एक कडक सूचना. शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी वर्गात उघडू नका. जपानमध्ये ज्या ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद वेष्टनावर सक्तीची आहे त्यांत शेंगदाणा आहे (त्यांतले इतर: अंडं, दूध, गहू, बकव्हीट म्हणजे सोबा, कोळंबी, खेकडा आणि 2023 पासून अक्रोड). असा डबा शिक्षकांच्या खोलीत खावा. दाण्याची चटणी, दाण्याचे लाडू यांनाही तोच नियम.

घरी, निघायच्या एक महिना आधी

मीठ कमी करायला लागा. राष्ट्रीय निकषांत आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या एका जेवणात मीठ 2 ग्रॅमपेक्षा कमी आणि माध्यमिकच्या मुलांना 2.5 ग्रॅमपेक्षा कमी धरलं आहे. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन आणि वर लिंबू अशी सवय असलेल्या जिभेला हे जेवण पहिले पंधरा दिवस बेचव लागतं. ते बेचव नसतं, जीभ खारटावलेली असते. वर्गात लोणच्याची बाटली काढणं हा यावरचा उपाय नव्हे. रांधणाऱ्याचा तो अपमान होतो, आणि मुलांना नाही ते शिक्षकाला कसं, हा प्रश्न उभा राहतो.

चॉपस्टिकचा सराव रोज दहा मिनिटं करा. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवायची. वरची पेनासारखी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची आणि फक्त तीच हलवायची. दोन्ही टोकं सारखी नसली तर पकड सुटते, ती आधी ताटलीवर टेकवून जुळवून घ्या. पहिला आठवडा भिजवलेले हरभरे, दुसरा आठवडा शेंगदाणे, मग भात. बासमतीवर सराव करू नका, तो सुटा पडतो आणि उगाच हिरमोड होतो. आंबेमोहर जरा जास्त पाण्यात मऊ शिजवा, तो जपानी भातासारखा गोळ्याने उचलता येतो.

जेवायला प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या आसपास मिळतात. सराफ्यात रात्री अकराला निवांत खाणाऱ्या गावातून आपण जातो. तेव्हा घड्याळ लावून, पंधरा ते अठरा मिनिटांत पूर्ण ताट शांतपणे संपवायची सवय करा. गोळे गिळून नव्हे, मध्ये न थांबता.

त्या दिवशी, क्रमाने

चौथा तास साडेबाराच्या आधी-मागे सुटतो. लगेच हात धुवा. पाण्याची बाटली न्या, कारण जेवणाबरोबर दूध असतं, पाणी असेलच असं नाही. मुलं बाकं जोडून चार-सहा जणांचे गट करतात. आठवड्याच्या पाळीचे वाढपी, म्हणजे तोबान, पांढरा डगला, टोपी आणि मास्क घालून गाडी आणतात. शुक्रवारी तोच डगला धुवायला घरी नेतात. आपल्या पंगतीत वाढपी मोठी माणसं असतात, इथे सात वर्षांचं मूल वाढतं. त्याच्या हातून पळी घेऊ नका. सांडलं तर तेच पुसेल, ते शिकणं त्याचं आहे.

ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. कमी हवं असेल तर वाढतानाच सांगा: "सुकुनामे नि ओनेगाइशिमासु." हे राहून गेलं तर बऱ्याच वर्गांत तोंड लावण्याआधी परत करायची सोय असते: "हेराशितेमो ई देसु का?" एकदा चव घेतली की परत करता येत नाही. उष्ट्याचा विचार आपल्याकडे आहे तसाच तिथेही आहे, हे सोपं पडतं.

ताटाची मांडणी पाळा. आपल्या पानात डावं-उजवं असतं तसंच. भाताचा वाडगा पुढे डावीकडे, सूप पुढे उजवीकडे, मुख्य पदार्थ आणि भाजी मागे, चॉपस्टिक सर्वांत पुढे आडव्या, टोकं डावीकडे. मूल चुकीचं मांडत असेल तर शेजारचं मूल दुरुस्त करतं. आपलं चुकलेलं असेल तर तेही दुरुस्त होईल, आनंदाने होऊ द्या.

सगळ्यांना वाढून झाल्यावर पाळीचं मूल पुढे येऊन हात जोडतं आणि सगळे "इतादाकिमासु" म्हणतात. पंगतीत श्लोक होईपर्यंत घास उचलत नाहीत, तसंच. दुधात नळीसुद्धा तोपर्यंत घालू नका.

मग खरी कसरत डाव्या हाताची. भाताचा आणि सूपचा वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाजवळ धरायचा असतो. टेबलावर ठेवून मान खाली घालून खाणं तिथे वाईट दिसतं. डावा हात जेवणात न आणण्याचं वळण लहानपणापासून अंगात असतं, म्हणून हे घरीच मोडून घ्या. मुख्य पदार्थाची मोठी ताटली मात्र उचलत नाहीत. सूप वाडग्याला तोंड लावून पितात आणि आतले तुकडे चॉपस्टिकने खातात.

सूप भातावर ओतू नका. वरण-भात कालवणाऱ्या हाताला हे जड जातं, पण तिथे भात पांढराच ठेवतात आणि तोंडात बाकीच्यांशी मिळवतात. बऱ्याच शाळा मुलांना त्रिकोणी जेवण शिकवतात: एक घास भात, एक भाजी, एक घोट सूप, पुन्हा भात. एकच पदार्थ आधी संपवणाऱ्याला बाई टोकतात. अपवाद करीचा, तो चमच्याने, भातासकट. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर काही देऊ नका. पहिलं मृतासाठी ठेवलेल्या भाताचं चिन्ह आहे, दुसरं दहनानंतर अस्थी उचलण्याची रीत.

दूध रोज 200 मिलिलीटर, माशांबरोबरही. मासे आणि दूध एकत्र नको, हे आपल्या आजीचं सांगणं मनात रुतलेलं असतं. युद्धानंतर मदतीत आलेल्या दुधाच्या भुकटीवर आणि पावावर शालेय जेवण पुन्हा उभं राहिलं, भात अधिकृतपणे 1976 साली आला, आणि दूध तसंच राहिलं. म्हणून भात, मासा, मिसो आणि गार दूध अशी जोडी दिसते. नको वाटत असेल तर दूध अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी प्या, मध्ये घोट घेऊ नका. अजिबात चालत नसेल तर तेवढंच बंद करता येतं का ते आधी विचारा.

काही पदार्थांना युक्ती लागते. शिशामो हा छोटा मासा डोक्यासकट, अंड्यासकट खातात. साबा मासा मऊ असतो, पण काटा असू शकतो, चॉपस्टिकने मधोमध उघडून बघा. कोनन्याकु हा कंदाचा रबरासारखा तुकडा शाकाहारी असला तरी सहसा दाशीतच शिजतो. तो निसटतो, म्हणून काडीने टोचू नका, वाडगा जवळ आणून उचला. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आधी डब्यातच भरपूर ढवळायचं, मग सोबतचा रस घालून भातावर घ्यायचं. त्याची चिकट तार तुटत नसेल तर काडी हवेत गोल फिरवा. त्या रसातही दाशी असते. पाव अख्खा चावत नाहीत, तुकडा तोडून खातात. तळलेल्या, सोयाबीनच्या गोड पिठात घोळवलेल्या आगेपानच्या दिवशी रुमाल जवळ ठेवा. गोठवलेलं संत्रं दगडासारखं येतं, ते सगळ्यात शेवटी सोला.

जिथे चूक महाग पडते

आपल्या ताटातलं काहीही मुलाला देऊ नका. आवडत नाही म्हणून सरकवलेली जेलीची वाटी किंवा खाऊ म्हणून दिलेली इंदूरची काजूकतली, काहीही नाही. डिसेंबर 2012 मध्ये तोक्योजवळच्या चोफु गावात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली मुलगी जास्तीचं वाढून घेताना चीज असलेला पदार्थ खाऊन दगावली. तेव्हापासून कोणाच्या ताटात काय जातं यावर शाळा फार काटेकोर आहे. प्रेमाने पुढे केलेला घास इथे जीवावर येऊ शकतो. मुलाने आपल्याला दिलेलंही घेऊ नका, हसून नको म्हणा.

उरलेलं घरी नेऊ नका, पाकीटबंद पावसुद्धा नाही. 1996 साली साकाइ शहरात शाळेच्या जेवणातून ओ-157 जिवाणूची साथ पसरली, हजारो मुलं आजारी पडली, काही गेली. त्यानंतर नियम आवळले. पदार्थाच्या आत 75 अंशांवर किमान एक मिनिट उष्णता पोचली पाहिजे, शिजल्यावर दोन तासांच्या आत जेवण व्हायला हवं, आणि रोजच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक स्वतः चव घेतात. काकडीसुद्धा बरेचदा उकळून गार केलेली असते, आणि कोशिंबीर लिबलिबीत का, याचं उत्तर हेच.

ज्यादाचं वाढप, ओकावारी, सुरू झालं की आधी मुलांना. उरलेल्या एका पुडिंगसाठी मुलं दगड-कागद-कात्री खेळतात, त्यात मोठ्यांनी उतरू नये. मुलांचे फोटो काढू नका.

"गोचिसोसामा देशिता" झाल्यावर आवरणं. भांडी जातवार एकावर एक. दुधाचा डबा धुऊन, कडा उघडून, चपटा करून, नळी आणि तिचं वेष्टन वेगळं. ही रीत वर्गावर्गात बदलते, म्हणून शेजारच्या मुलाकडे बघून करा. त्यानंतर काही शाळांत दात घासणं असतं, मग साफसफाई. झाडू घेऊन तुम्हीही लागा.

सत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, तसंच परीक्षांच्या काही दिवशी क्यूशोकु नसतं आणि कोणी आठवण करून देत नाही. तक्त्यात रिकाम्या तारखा शोधा. डबा जमला नाही तर दुकानातला भाताचा गोळा घेताना उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा घ्या आणि मागची यादी वाचून घ्या, कारण त्यातही कधी कधी कात्सुओ असतो. इनारी, ती गोडसर तोफूची पुरचुंडी, शाकाहारी दिसते, पण सहसा दाशीत शिजवलेली असते.